घरटी पंचवीस पोळ्या

कुसाबाई कात्री घेऊन बागेत शिरली की बाप्येसुद्धा विडी विझवून आपापल्या ओळीला लागतात. चिंचवाडीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाव दिंडोरीच्या पुढं, चारी अंगांनी द्राक्षबागा. छाटणीचे दिवस आले की कुसाबाईची टोळी आधी कोणाच्या बागेत उतरणार यावरून भल्याभल्या बागाईतदारांमध्ये रुसवेफुगवे होतात. बाई अंगानं बुटकी, कपाळावर हिरवं गोंदण, पण आवाज असा की फवारणीचा ट्रॅक्टर चालू असला तरी तिला कोणाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही. तिच्या शब्दावर टोळी कामाला येते, आणि ठरलेला भाव कोणी मोडला तर तिच्याच शब्दावर बांधावर मांडी घालून बसते.

अशा या बाईला गेल्या चैत्रात पोळ्यांनी छळलं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

कुसाबाई मूळची हरसूलकडच्या डोंगरातली, कोकणा आदिवासी समाजाची. तिकडे भात आणि नागली, म्हणजे नाचणी, घरात आली की हाताला काम उरत नाही, आणि माणसं गाठोडी बांधून द्राक्षाच्या मुलखात उतरतात. या उतरण्याला तिकडे एक शब्द आहे, जगाया जाणं. वाटेत कोणी विचारलं, कुठं चालले, तर माणूस सरळ सांगतो, जगाया. त्यात लाज नसते, उलट जरा ऐटच असते, कारण जो जातो त्याच्या अंगात धमक असते. लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा कुसाबाई आणि तिचा नवरा सोमा असेच जगाया निघाले आणि चिंचवाडीत कोंडाजीनानांच्या बागेत येऊन थांबले. पहिली दोन-तीन वर्षं पावसाळ्यात परत जात. मग सोमा नानांचा ट्रॅक्टर चालवायला शिकला, बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लेक जन्मली, आणि परत जाणं राहूनच गेलं.

शब्द मात्र डोंगर उतरताना पालटला. वर जो शब्द ऐटीत सांगायचा, तोच खाली कपाळावर चिकटला. किराणा दुकानात, रेशनच्या रांगेत, शाळेच्या पायरीवर त्यांची ओळख एकच, जगायला आलेले. कोणी शिवी म्हणून म्हणत नसे. चिंचवाडी वाईट गाव नव्हतं. गावं सहसा वाईट नसतात, सवयीची असतात. नळावर पाणी मिळे, आजारपणाला गाडी मिळे, देवळाची पायरीही कोणी अडवली नाही. पण गावातलं कोण आणि आलेलं कोण, हे प्रत्येकाला झोपेतही सांगता आलं असतं.

आणि वर्षातून एकदा ते माईकवरून सांगितलंही जाई. हनुमान जयंतीला गावात सप्ताह उठतो. काल्याच्या कीर्तनानंतर अख्खं गाव मारुतीपुढं पंगतीला बसतं. भाजी आणि बुंदी देवळामागं मोठ्या कढयांत होते, पोळ्या मात्र घरोघरच्या. आदल्या दिवशी कोंडाजीनाना माईक हातात घेतात आणि बापजाद्यांपासून चालत आलेलं पुकारतात, की गावकरी मंडळींनी घरटी पंचवीस पोळ्या देवळात आणून द्याव्यात, आणि मळ्यावरच्या, जगायला आलेल्या मंडळींनी जेवायला यावं. नानांना वाटे, आपण किती अगत्यानं बोलावतो. अगत्य होतंच. नुसतं अगत्यच होतं, ही अडचण.

सुरुवातीला कुसाबाईलाही त्या बोलावण्याचं अप्रूप वाटायचं. मग एका वर्षी पंगतीत बसलेल्या तिच्या लेकीनं, शुभांगीनं, घोळ केला. पोर तेव्हा पहिली-दुसरीत. चिंचवाडीच्या पोरींचा पंगतीतला खेळ असा, की ताटात आलेली पोळी पाहून ती कोणाच्या घरची ते ओळखायचं. जाड ती सुलाबाईची, करपलेली ती सरपंचांच्या घरची, तुपाचा हात लागलेली ती नवसाबाईंची. शुभांगी शेजारणीबरोबर खेळली, बऱ्याच पोळ्या बरोबर ओळखल्या, आणि मग आईकडे वळून तिनं विचारलं, आपली कोणती?

कुसाबाईनं पोरीला गप जेवायला सांगितलं. पण तो घास तिच्या घशात अजून आहे.

तिनं स्वतःची समजूत काढली. पुकारा होतो तो घरटी. आपण राहतो शेडमध्ये. शेडला उंबरा नसतो, आणि उंबरा नाही ते घर नाही. म्हणजे चूक गावाची नाही, उंबऱ्याची आहे. एकदा हे डोक्यात बसल्यावर बाईनं उंबऱ्याचा ध्यास घेतला. नवऱ्याची दारू वर्षाला दोन सणांवर आणली, स्वतः टोळीची मुकादम झाली, आणि आदल्या साली गावठाणाच्या कडेला दोन खोल्या उभ्या केल्या. विटा-सिमेंट दिंडोरीतून आलं, पण उंबऱ्याचं सागवान तिनं मुद्दाम हरसूलहून टेम्पोत घालून आणलं. गवंडी हसला, बाई, हल्ली फरशी बसवतात. कुसाबाईनं त्याला लाकूडच बसवायला लावलं आणि हळदीकुंकू लावून त्यावर नारळ फोडला.

त्यामुळे गेल्या चैत्रात तिची खात्री होती. तिनं लोकवन गहू आणून निवडले, दळून आणले, नवी टोपली घेतली. नागलीच्या भाकरीत तिचा हात धरणारा कोणी नाही, पण पोळी तिची जरा अडाणीच. म्हणून दोन आठवडे तिनं घरच्यांना पोळ्याच खायला घातल्या. सोमा कंटाळला, पण बोलला नाही. बायकोच्या ध्यासापुढं न बोलणं त्याला जमून गेलं होतं.

आदल्या दिवशी ऊन कलताना माईक खरखरला. कुसाबाई हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येऊन बसली. कोंडाजीनानांचा आवाज आला आणि तेच वाक्य जसंच्या तसं, एका काना-मात्रेचा फरक न होता, तिच्या नव्या घरावरून पुढं निघून गेलं. गावकरी मंडळींनी घरटी पंचवीस पोळ्या आणाव्यात. जगायला आलेल्या मंडळींनी जेवायला यावं.

सोमा म्हणाला, जाऊ दे, जेवायला तर बोलावलंय. कुसाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून ट्रॅक्टर पुसायला गेला.

शुभांगी आत अभ्यास करत होती. पोरगी आता दिंडोरीच्या कॉलेजात बी.ए.ला आहे, समाजशास्त्र घेऊन. परीक्षा जवळ आली होती आणि नेमका धडा स्थलांतर आणि अल्पसंख्याकांचं सात्मीकरण असा होता. आईनं विचारलं, हे काय असतं? शुभांगीनं सोपं करून सांगितलं, की बाहेरून आलेली माणसं हळूहळू तिथली भाषा शिकतात, तिथले कपडे, तिथलं खाणं उचलतात आणि तिथल्यासारखी होतात.

"आन गाव?" कुसाबाईनं विचारलं. "गाव नाय होत त्यांच्यासारखं थोडंतरी?"

शुभांगीनं पानं उलटून पाहिली. "ते पुढच्या धड्यात आहे, आई."

"मग तुमचं पुस्तक बी नानांच्या माईकसारखंच हाय," असं म्हणून कुसाबाईनं पायात चपला घातल्या आणि देवळाची वाट धरली.

कोंडाजीनाना मांडवाचे दोर तपासत होते. कुसाबाईनं आडवळण घेतलं नाही, उद्या माझ्या पोळ्या आणते म्हणाली. नाना खरोखरच चकित झाले, आणि माणसाला खोटं चकित होता येत नाही, निदान नानांना तरी येत नव्हतं. त्यांनी सांगितलं की तू कशाला त्रास घेतेस, तू ये, पोट भरून जेव. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी पद्धतीवर बोट ठेवलं. पद्धत आहे, ती काही आज कोणी ठरवली नाही.

"रानात माझी भाकर मोडून खाता ना तुम्ही नाना? ठेच्याबरोबर?"

"रानातलं येगळं गं," नाना म्हणाले. "इथं पंगत बसती. एखादा उठून गेला तर सप्त्याला गालबोट लागंल. मी नाय म्हणत नाय."

"कोण उठंल, नाव सांगा. मी त्याच्या घरी जाऊन येते."

नानांनी विचार केला. दोन-तीन नावं ओठावर आली असावीत, पण त्यांतलं एकही त्यांना बाहेर काढता येईना. एकाच्या बागेत कुसाबाईची टोळी चार दिवसांत उतरायची होती. दुसऱ्याच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा कुसाबाईच रात्रभर उशाशी होती. उठून जाणारा असा माणूस गावात शोधून सापडत नव्हता, आणि त्याच न सापडणाऱ्या माणसाला भिऊन सगळं गाव वागत होतं. शेवटी नाना म्हणाले की पुढच्या वर्षी बघू, आणि दोराची गाठ बांधू लागले. ती आधीच पक्की बांधलेली होती.

कुसाबाई परत आली तेव्हा रडेल असं शुभांगीला वाटलं. ती रडली नाही. तिला राग आला होता आणि राग आला की तिचं डोकं चांगलं चालतं. गाव करील ते राव काय करील म्हणतात, पण गाव म्हणजे तरी कोण, तर उद्या सकाळी टोपल्या घेऊन निघणाऱ्या बायका. त्या बायकांत आपली एक टोपली घुसवायला माईक लागत नाही. तिनं कणीक काढली.

पहाटे चूल पेटली तेव्हा दारात सुगिया उभी होती. सुगिया आणि तिचा नवरा बिहारकडून आलेले, पूर्णियाच्या बाजूचे. आदल्या दिवाळीपासून नानांच्या बागेतल्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, जिथे शुभांगी जन्मली. हल्ली डोंगरातून टोळ्या कमी येतात, पोरं नाशकातल्या अंबडच्या कारखान्यांत जातात, म्हणून बागाईतदार लांबची माणसं आणतात. सुगियाला आदल्या संध्याकाळी शुभांगीनं सगळं सांगितलं होतं. रोटी बेलने आयी हूँ, दीदी, असं म्हणून तिनं हात धुतले आणि पोळपाटाकडे हात केला.

कुसाबाई परातीत कणीक तिंबत होती. मान वर न करता ती म्हणून गेली, "तू नको गं मध्ये. हे गावाचं काम हाय. तू काय, जगाया आलीस."

बोलली आणि तिचे हात परातीत थांबले. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या शुभांगीनं मान वर केली. सुगियाला शब्द अर्धवट कळला होता, पण हात आखडता घेण्यापुरता पुरेसा कळला होता. ती पोळपाटाजवळून मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कुसाबाईनं तो चेहरा ओळखला. तो तिचाच चेहरा होता, नळावरचा, रेशनच्या रांगेतला. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कणकेचे हात तसेच ठेवून ती उठली. आयुष्यभर जो दगड आपल्या पायात होता तोच आपण नकळत उचलून दुसरीच्या वाटेत टाकला, आणि तेही इतक्या सहज, नानांच्या माईकइतक्या सहज.

तिनं पोळपाट उचलून सुगियापुढं ठेवला. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"बेल," ती म्हणाली. "पतला बेल. गाव देखेगा."

सुगिया लाटायला बसली आणि कुसाबाई पाहतच राहिली. पोरगी लाटणं फिरवी ते नुसत्या मनगटानं, आणि पोळी पोळपाटावर आपोआप गोल फिरे. शुभांगी भाजत गेली. कुसाबाईनं मग स्वतःच्या पोळ्यांचा नाद सोडला. चुलीच्या दुसऱ्या तोंडावर तिनं दुसरा तवा चढवला, नागलीचं पीठ काढलं आणि हातावर पाणी घेऊन भाकरी थापायला सुरुवात केली, आईनं शिकवलेल्या, तांबूस-काळ्या, ताटाएवढ्या. आपल्या हातची ओळख पटवायची तर आपलंच धान्य हवं, असं तिला त्या चुलीपाशी वाटलं. घरोघरी मातीच्या चुली असतील, पण चुलीवर काय शिजतं ते सांगायला लाज कशाची?

टोपली भरली, वर स्वच्छ धडपा टाकला. सोमानं धुतलेला सदरा घातला होता. तोही येतो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःहून घेतलेला हा पहिला निर्णय असावा.

देवळामागं बायकांची गर्दी होती. सतरंजीवर पोळ्यांचा ढीग होत होता आणि ढिगामागं स्टुलावर नवसाबाई बसल्या होत्या. नवसाबाई म्हणजे कोंडाजीनानांची थोरली भावजय. सप्ताहाचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात, आणि त्यांच्यापुढं नानांचं माईकशिवाय काही चालत नाही. कुसाबाई टोपली डोक्यावर घेऊन समोर उभी राहिली, शेजारी सुगिया आणि शुभांगी, मागं सोमा. बायकांची कुजबुज थांबली. माईकची वायर सोडवत बसलेले नाना उठून उभे राहिले.

टोपली उतरवून घ्यायला हात पुढं येईना आणि परत जा म्हणायलाही तोंड उघडेना. कुसाबाईचा आवाज निघाला, तो बागेतला.

"नवसामावशी, मी जगाया आले होते. आले, जगले. पोर जगवली. आता मरायचं बी इथंच हाय, तुमच्याच मसणात. मग भाकर तेवढी परकी कशी?"

नवसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी उठून बुटक्या कुसाबाईच्या डोक्यावरच्या टोपलीचा धडपा बाजूला केला, पोळ्या पाहिल्या, आणि त्यांच्या खाली नागलीच्या भाकरी दिसल्यावर त्यांचा चेहरा जरा अवघडला. त्यामागं एक गुपित होतं. वर्षभरापूर्वी नवसाबाईंना साखरेचा आजार निघाला होता आणि डॉक्टरांनी नागली सांगितली होती. नागलीचं पीठ त्या कुसाबाईकडूनच नेत, संध्याकाळी, पदराआड, कारण नागली हे मजुरांचं खाणं आणि नवसाबाई मोठ्या घरच्या. कुसाबाई हे कधी कोणाजवळ बोलली नव्हती. आताही तिनं ते काढलं नाही. ती नुसती उभी राहिली.

ते न बोलणं नवसाबाईंना पोचलं.

"उतरव ती टोपली," त्या म्हणाल्या. "मान मोडून घेशील. आणि नागलीच्या दोन माझ्या ताटाला काढून ठेव. वर्षभर तुझंच पीठ खातेय, आज काय सोवळं पाळू?"

बायका हसल्या. आधी चोरून, मग मोकळेपणी. सुलाबाई म्हणाली, आमच्या ह्यांनाबी शुगर हाय, एक इकडं. पाहता पाहता सांगणाऱ्या चौघी-पाचजणी निघाल्या. निम्म्या गावाची साखर वाढली होती आणि ते एकमेकींना आज कळत होतं. सुगियाच्या पोळ्या ढिगावर गेल्या, आणि इतक्या पातळ, इतक्या गोल पोळ्या कोणी लाटल्या म्हणून दोघींनी तिला वाढपाला ओढून नेलं.

पंगत बसली. सगळं गोड झालं असं सांगून कोणाला फसवण्यात अर्थ नाही. दोघा-तिघांनी ताटावर आडवा हात धरला आणि पुरे म्हणाले. त्यांना खरंच पुरे झालं होतं की नाही ते मारुतीलाच ठाऊक. एक म्हातारा भाकर कडेला सारून भात मागत राहिला. पण उठून कोणी गेलं नाही. ज्याला भिऊन गाव इतकी वर्षं वागलं तो माणूस त्या दिवशीही आला नाही.

कोंडाजीनाना माईकपाशी उभे राहिले. दुसरी पंगत बसवायची होती. सवयीप्रमाणं त्यांनी गावकरी मंडळींनी आणि जगायला आलेल्या, एवढं म्हटलं आणि ते अडकले. सगळं गाव जेवता जेवता थांबलं. मग नानांनी घसा साफ केला.

"जगायला आलेल्या समद्यांनी बसून घ्यावं," ते म्हणाले. "आपण समदेच."

शुभांगी वाढत होती. लहानपणी जिथे बसली होती त्याच ओळीत एक चिमुरडी पोरगी ताटातली काळी भाकर उलटसुलट करून पाहत होती. ती शेजारणीला म्हणाली, ही कुसाबाईची. कुसाबाईनं ते ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. कढईचा धूर होता, असं ती नंतर सांगत राहिली. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी देवळामागून टोपली परत घेताना तिनं ती उलटी करून झटकली. चतकोरही उरला नव्हता. शेडकडं जाणाऱ्या वाटेपर्यंत सुगिया तिच्यासोबत चालत आली. एवढी खुशीत होती की मराठी बोलायला लागली, पुढच्या वर्षी पण मी दीदीच्या टोपलीसाठी पोळ्या लाटणार म्हणाली.

कुसाबाई थांबली. रिकामी टोपली तिनं सुगियाच्या हातात दिली.

"माझ्या नाय," ती म्हणाली. "पुढच्या साली तुझी येगळी टोपली. घरटी पंचवीस."